२०५/५५ आर १६: टूरिंग घ्यावेत की परफॉर्मन्स? पुणे, एक्स्प्रेसवे आणि ताम्हिणीचा पाऊस

डावी_लेन

नमस्कार मंडळी. गाडी स्कोडा स्लाविया १.०, टायर २०५/५५ आर १६ ९१ व्ही (रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंच). गाडीबरोबर आलेले टायर ४१ हजार किलोमीटर चालले आहेत. पुढच्या जोडीची नक्षी अडीच मिलिमीटर उरली आहे, मागची चार. रनिंग वर्षाला साधारण १२ हजार: रोज कोथरूड ते हिंजवडी, महिन्यातून एकदा एक्स्प्रेसवेने मुंबई, आणि पावसाळ्यात दोन-तीनदा ताम्हिणीमार्गे कोकण, तेव्हा गाडी भरलेली असते.

दुकानात दोन प्रकार दाखवले. 'टूरिंग ऑल-सीझन' शांत आणि टिकाऊ, 'परफॉर्मन्स ऑल-सीझन' ग्रिपला चांगले पण महाग. एका दुकानदाराने तर १७ इंची अलॉयच सुचवले. मला आधी ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग हवंय, मग खड्ड्यांत टिकाव, आवाजाचा विचार शेवटी. चारही टायर पावसाळ्याआधी बदलायचे आहेत. कोणता प्रकार घ्यावा आणि घेताना काय तपासावं?

टॉमी_पाना

आधी 'ऑल-सीझन' हा शब्द बाजूला ठेवा. तो बर्फ पडणाऱ्या देशांतला आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होत जातं. म्हणून तिकडे थंडीतही लवचीक राहणारं रबर आणि बारीक चिरांची नक्षी वापरून मधला प्रकार काढला. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा कधीमधी दहाच्या खाली जातो, पण तुम्ही ऑफिसला निघेपर्यंत रस्ता तापलेला असतो. एप्रिलात तर हवाच ४० अंशांवर, डांबर त्याहून कितीतरी गरम. त्यामुळे थंडीसाठी केलेली तडजोड आपल्याला फुकट. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) दिसलं तर त्याचे जास्त पैसे देऊ नका, ती पावसातल्या ग्रिपची खूण नव्हे.

मग उरतं टूरिंग आणि परफॉर्मन्स. फरक तीन ठिकाणी असतो. परफॉर्मन्सचं रबर मऊ असतं, चिकटून धरतं आणि लवकर झिजतं. त्याची साइडवॉल ताठ असते, त्यामुळे स्टिअरिंग वळवलं की गाडी लगेच वळते, पण खड्ड्याचा दणका थेट आत येतो. नक्षीचे ठोकळे, विशेषतः खांद्याकडचे, मोठे असतात. कोरड्या वळणावर ते कमी दबतात, पण काँक्रीटवर आवाज करतात. टूरिंगमध्ये ठोकळे लहान आणि मुद्दाम असमान लांबीचे ठेवतात, म्हणजे सगळे एकाच सुरात गुणगुणत नाहीत. एक्स्प्रेसवे आणि शहरातले नवे काँक्रीट रस्ते पाहता हा फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल.

तुमच्या वापराला टूरिंगच घ्या, पण त्यातले ओल्या ग्रिपकडे झुकणारे. 'एक लाख किलोमीटर चालणार' म्हणून विकले जाणारे टायर याच गटात शेजारी मांडलेले असतात, ते टाळा. तितकं टिकणारं रबर कडक असतं आणि त्याची किंमत पहिल्या सरीत ब्रेक मारताना मोजावी लागते. कॉन्टिनेंटल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६, मिशेलिन प्रायमसी ४ एसटी, योकोहामा ब्ल्यूअर्थ जीटी ही नावं विचारा. आवाज सगळ्यात कमी हवा असेल तर यांतलं मिशेलिन.

वरंध_उतार

टॉमी, मला हे पूर्ण पटत नाही. डावी_लेन यांनी पहिलं प्राधान्य ओल्या ब्रेकिंगला दिलंय. ताम्हिणीत भरलेली गाडी, उतार, रस्त्यावर वाहणारं पाणी, वळणाआड थांबलेली पर्यटकांची वाहनं. तिथे मऊ रबर सरळ सरळ कमी अंतरात थांबवतं. एबीएस चाक जॅम होऊ देत नाही, पण ग्रिप शेवटी रबराचीच. नवले पुलाकडचा लांब उतार तर रोजचा, जूनच्या पहिल्या सरीत तेल आणि धूळ मिसळून तिथे कसला थर बसतो ते सगळ्यांना माहीत आहे. १२ हजार रनिंगवर परफॉर्मन्स टायर अडीच वर्षं जातील. जाऊ देत.

टॉमी_पाना

नव्या टायरला नवा टायर लावून पाहिलं तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तिसऱ्या पावसाळ्यातलं बघू.

समजा दोन्ही टायरची नक्षी नवी असताना ८ मिलिमीटर आहे. टूरिंग ४५ हजारांत ३ मिलिमीटरवर येतो, परफॉर्मन्स २८ हजारांत. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण साधारण असंच पडतं. दोन वर्षांनी, २४ हजारांवर, टूरिंगमध्ये सव्वापाच मिलिमीटर उरेल आणि परफॉर्मन्समध्ये पावणेचारच्या आत. पाणी बाहेर फेकायचं काम खाचांची खोली करते. साचलेल्या पाण्यात त्या दिवशी टूरिंग टायर वरचढ ठरेल. परफॉर्मन्सचा फायदा घ्यायचा तर ते साडेतीन-चारवर उतरताच बदलायची तयारी हवी, म्हणजे जवळजवळ दर दोन वर्षांनी चार टायर. बहुतेक लोक कायद्याच्या १.६ मिलिमीटरपर्यंत ओढतात आणि तिथे सगळं गणित उलटतं.

दुसरं, खड्डा. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळलं की साइडवॉल कडा आणि रिम यांच्यात चिमटली जाते, आतले दोर तुटतात आणि तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. वर पॅच मारून देणारा भेटला तर त्याचं ऐकू नका, टायर बदला. ताठ साइडवॉल हा दणका रिमकडे ढकलते, मग रिम वाकते.

याच कारणासाठी १७ इंचांना नको म्हणा. २०५/५५ आर १६ ची साइडवॉल ११३ मिलिमीटर उंच, २०५/५० आर १७ ची १०२.५. बाहेरचा व्यास एक टक्क्याच्या आतच वाढतो, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा बिघडत नाही, आणि दुकानदार तेवढंच सांगतो. खड्ड्यासाठी असलेली दहा मिलिमीटर उशी गेली हे सांगत नाही.

वरंध_उतार

खोलीचा मुद्दा मान्य. माझी सुधारित शिफारस: टूरिंग चालेल, पण वेग-खूण 'व्ही' खाली आणू नका आणि लोड इंडेक्स ९१ च्या खाली अजिबात नाही. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. 'व्ही' म्हणजे ताशी २४० किलोमीटर, 'एच' २१०. तितका वेग कुणाला हवाय असं वाटेल, पण या खुणेचा संबंध टायर उष्णता किती सोसतो याच्याशी आहे. मे महिन्यात भरल्या गाडीने एक्स्प्रेसवेवर ताशी १०० च्या आसपास तासभर गेलं की ती सोसण्याची ताकद लागते. काही दुकानांत 'एच' स्वस्त म्हणून पुढे करतात.

छोटी_हॅच

मध्येच विचारते. माझी गाडी १८५/६५ आर १५, वर्षाला जेमतेम ६ हजार, सगळं शहरात आणि कधीतरी सिंहगड. मलाही टूरिंगच का?

टॉमी_पाना

ताई, तुमचं गणित वेगळं पडतं. ६ हजारांच्या हिशेबाने ४५ हजार व्हायला साडेसात वर्षं लागतील. तोपर्यंत उन्हात उभ्या गाडीचं रबर वाळून कडक होतं, नक्षी शाबूत दिसते आणि ग्रिप गेलेली असते. पाचव्या वर्षापासून दरवर्षी साइडवॉलवर आणि खाचांच्या तळाशी बारीक चिरा शोधा, दिसल्या की बदला. टिकाऊपणा तुमच्या उपयोगाचाच नाही, तेव्हा पैसे ग्रिपवर घाला. या साइजमध्ये खरे परफॉर्मन्स टायर मोजकेच मिळतात. अपोलो अल्नॅक ४जी किंवा सीएट सिक्युराड्राइव्ह बघा, दोन्हींत भर ग्रिपवर आहे. त्याच कंपन्यांचे अमेझर ४जी लाइफ आणि मायलेझ एक्स३ टिकण्यासाठी बनवलेले आहेत, ते तुम्ही घेऊ नका. टॅक्सीला उत्तम.

रबर_आणि_रस्ता

टायर निवडणं सोपं. बिघडतं ते बसवताना, म्हणून खरेदीच्या दिवशी दुकानात उभं राहून बघायच्या गोष्टी लिहितो.

टायरच्या बाजूला 'डॉट' (DOT) ने सुरू होणारी ओळ असते, तिच्यातले शेवटचे चार आकडे वाचा, ती बनवल्याची तारीख. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायरवर बघा, कारण एखादा जुना मध्येच सरकवला जातो. सहा महिन्यांच्या आतले उत्तम, वर्षाच्या आतले चालतील, त्यापुढे सूट दिली तरी नको. पूर्ण आकडा टायरच्या एकाच बाजूला असतो, म्हणून बसवण्याआधी वाचा. बिलावर चारही आकडे लिहून घ्या, वॉरंटीला उपयोगी पडतात.

टायरवर 'आउटसाइड' लिहिलं असेल तर ती बाजू बाहेरच आली पाहिजे. बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेनेच. घाईत हे चुकतं, आणि बाण उलटा बसला की खाचा पाणी बाहेर टाकण्याऐवजी आत ओढतात.

रबरी व्हॉल्व्ह नवे घाला. जुना व्हॉल्व्ह मुळाशी चिरतो आणि हवा थोडीथोडी कमी होत राहते. बॅलन्सिंग चारही चाकांचं करा, मशीनवर शेवटी शून्य आलेलं स्वतः बघा. बोल्ट एअर गनने नुसते टेकवू द्या, शेवटचा दाब टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने. आकडा मॅन्युअलमध्ये असतो, छोट्या-मध्यम गाड्यांना बहुधा ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान. गनने आवळलेले बोल्ट पंक्चरच्या रात्री हाताने सुटत नाहीत. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून घ्या.

अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागा. नुसतं 'झालं साहेब' चालणार नाही. टो, म्हणजे चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, बिघडला असेल तर नवा टायर काही हजार किलोमीटरांत एका कडेने खाल्ला जातो.

किंमत विचारताना कर धरून विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मूळ किंमत ७ हजार असेल तर पूर्वी ८,९६० पडायचे, आता ८,२६०. जुन्या दरपत्रकावरून भाव सांगणारा असेल तर चार टायरमागे २,८०० रुपयांचा फरक आहे.

नवे टायर साच्यातून काढायला लावलेल्या लेपामुळे सुरुवातीला निसरडे असतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर हळू चालवा. बसवल्या दिवशीच ताम्हिणी नको.

वरंध_उतार

हवेबद्दल एक जोडतो, कारण साचलेल्या पाण्यात हवेचा फार फरक पडतो. चाक पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो. विमानांच्या टायरसाठी एक जुनं सूत्र वापरतात: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). गाडीला ते ढोबळच लागू होतं, पण अंदाज येतो. ३३ हवेला ताशी ९६ किलोमीटर, २५ ला ८३. चांगली नक्षी हा वेग वर नेते. म्हणजे गोटा झालेला टायर आणि त्यात कमी हवा असेल, तर एक्स्प्रेसवेवर ८० नेही गाडी हातातून जाऊ शकते.

हवा सकाळी, थंड टायरमध्ये, दारापाशी किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे. भरलेल्या गाडीचा आकडा त्यात वेगळा असतो, कोकणात जाताना तो वापरा. फूड मॉलला थांबल्यावर चार-पाच पीएसआय जास्त दिसले तर काढू नका, ती उष्णतेने वाढलेली आहे.

डावी_लेन

सर्वांचे आभार. टूरिंग, ९१ व्ही, १६ इंचच, हे ठरलं. दोन शंका उरल्या. मागच्या जोडीत चार मिलिमीटर आहे, तर आता दोनच घेऊन पुढे लावले तर? आणि सध्या मागून ७० च्या वेगाला घूं-घूं आवाज येतो, तो नव्या टायरने जाईल का?

टॉमी_पाना

दोनच घेतले तर नवे मागे लावायचे, पुढे नाही. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते म्हणून सगळे नवे पुढे लावायला सांगतात. पण ओल्यात पुढची ग्रिप गेली तर गाडी सरळ जात राहते, पाय उचलला की बरीचशी सावरते. मागची गेली तर गाडी गोल फिरते, ती सावरणं सामान्य चालकाला जमत नाही. तुमच्या बाबतीत मात्र चार मिलिमीटरची जोडी पुढे नेली तर ती वर्षभरात संपेल. शिवाय पुढे वेगळं रबर, मागे वेगळं. चारही बदला. जुन्यांतला बरा असेल तो स्टेपनीला, तोही साइज आणि वय बघूनच.

रबर_आणि_रस्ता

आवाजाचं आधी तपासा. मागच्या टायरवर तळवा पुढून मागे फिरवा, मग उलटा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर ठोकळ्यांच्या कडा तिरक्या झिजल्या आहेत. पुढून ओढणाऱ्या गाड्यांत मागच्या हलक्या चाकांवर हे होतं, वेळेवर रोटेशन झालं नसेल तर हमखास. हा आवाज नव्या टायरने जाईल, आणि दर ८ ते १० हजारांनी पुढचे-मागे केले तर परत येणार नाही. आडवातिडवा खोलगट झिजलेला पट्टा लागला तर शॉक अॅब्सॉर्बर बघून घ्या, नाहीतर नवे टायरही तसेच खाल्ले जातील.

रस्ता बदलला की आवाज बदलतो, काँक्रीटवर वेगळा आणि डांबरावर वेगळा, तर तो टायरचा. रस्ता कुठलाही असो, आवाज तोच आणि लांब वळणावर कमी-जास्त होतो, तर बेअरिंग. तसं असेल तर टायरच्या आधी ते काम करून घ्या, म्हणजे अलाइनमेंट एकदाच करावं लागेल.