लसीचं यश कशावर मोजायचं: तिच्या रोगावर की एकूण मृत्यूंवर?

सह्यवासी: बीसीजी क्षयाची, गोवराची लस गोवराची, असा आपला हिशेब. पण १९७८ पासून पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊत काम केलेले डॅनिश संशोधक पीटर आबी म्हणतात की जिवंत लसींमुळे (म्हणजे कमजोर केलेले जिवंत जंतू असलेल्या, जशा बीसीजी आणि गोवराची) इतर आजारांनी होणारे बालमृत्यूही घटतात. तिथे कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर बीसीजी दिली, तर तीन चाचण्या मिळून पहिल्या महिन्यातले मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी. नेदरलँड्समध्ये मिहाई नेटिया यांच्या गटाला दिसलं की बीसीजीनंतर रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भलत्याच जंतूंवरही जास्त जोराने तुटून पडतात. मग लसीची परीक्षा एकूण मृत्यूंवर का नको?

गवतीचहा: ३८ टक्क्यांनी हुरळू नका. आपल्याकडे पुदुच्चेरी आणि चेन्नईत दोन किलोंखालच्या बाळांवर हेच करून पाहिलं, नवजात मृत्यूंत फरक पडला नाही. आणि २०२० मधले फॉरवर्ड आठवा, 'आपल्याला बीसीजी टोचलीय, कोरोना काय करणार!' पुढे आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या मोठ्या चाचणीत कोविडपासून संरक्षण दिसलंच नाही.

सह्यवासी: चेन्नईत रशियन वाणाची बीसीजी होती, बिसाऊत डॅनिश.

खारीबिस्कीट: नाचता येईना... असो. आबींचा दुसरा दावाही सांगा की! ट्रिपलच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीने मुलींचे मृत्यू वाढतात म्हणे. १९८१-८३ च्या नोंदींवरचा त्यांच्या गटाचा २०१७ चा निबंध पुढे करून अमेरिकन आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी जून २०२५ मध्ये गावी या लसीकरण संस्थेला अमेरिकेचा पैसा बंद, असं जाहीर केलं. घटसर्प, डांग्या खोकला, सगळं विसरलो का आपण?

सह्यवासी: केनेडींनी गैरवापर केला म्हणून प्रश्नच विचारायचा नाही? १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जास्त मात्रेची गोवर लस सुचवली. गोवर रोखला गेला, पण गिनी-बिसाऊ आणि सेनेगलमध्ये ती घेतलेल्या मुली जास्त दगावल्या. १९९२ मध्ये ती मागे घ्यावी लागली. नुसता गोवर मोजत बसलो असतो तर हे कळलं असतं?

गवतीचहा: हे उदाहरण बिनतोड आहे. पण संघटनेने २०१४ मध्ये सगळा पुरावा तपासला तेव्हा ट्रिपलबद्दल धड एक दिशा मिळाली नाही, आणि वेळापत्रक होतं तसंच ठेवलं. मोजा जरूर, पण निष्कर्ष आधी लिहून ठेवू नका.

मीनल_व: मुलगी दीड महिन्याची आहे, बुधवारी पेंटा, म्हणजे ट्रिपल जिच्यात असते ती पाच रोगांची लस. हे सगळं वाचून सासूबाई थांब म्हणतायत.

गवतीचहा: थांबू नका, बुधवारीच द्या. रात्री ताप येऊ शकतो, पॅरासिटामॉल किती द्यायचं ते नर्सताईंकडून लिहून आणा.