मदत हवी आहे: वर्कस्टेशन एका इमारतीत, डिझायनर दुसऱ्या इमारतीत, जोडणी कशी करावी?

नमस्कार.

महापे एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात प्लास्टिकच्या वस्तूंसाठी लागणारे साचे तयार होतात. डिझायनर बसतात त्याच्या खालच्याच मजल्यावर सीएनसी मशीन चालतात. तिथली तेलकट धूळ वर येऊन संगणकांच्या पंख्यांवर आणि हीटसिंकवर चिकटते आणि उन्हाळ्यात मोठे मॉडेल उघडलेले असतानाच वर्कस्टेशन तापून बंद पडते. म्हणून सर्व वर्कस्टेशन शेजारच्या इमारतीतील वातानुकूलित सर्व्हर रूममध्ये हलवून टेबलावर फक्त मॉनिटर, कीबोर्ड व माउस ठेवावेत, असे ठरले आहे.

केबल ट्रेच्या मार्गाने हे अंतर सुमारे १४० मीटर भरते आणि कॅट-६ या तांब्याच्या नेटवर्क केबलवरील इथरनेटची मर्यादा १०० मीटर आहे. मध्ये नेटवर्क स्विच टाकून एचडीबेस-टी एक्स्टेंडरचा (मॉनिटरचे चित्र अशा केबलवरून लांब नेणाऱ्या उपकरणाचा) सिग्नल पुढे नेता येईल, असे एका पुरवठादाराने सांगितले. हे मला पटलेले नाही, कारण तो सिग्नल कॅट-६ वरून जात असला तरी इथरनेटचा नसतो आणि साध्या स्विचमधून पुढे जात नाही. शिवाय दोन्ही इमारतींचे अर्थिंग वेगळे आहे आणि पावसाळ्यात विजा होतात, त्यामुळे दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल नकोच. फायबर टाकणे नक्की आहे. प्रश्न त्यावर काय चालवावे हा आहे.

एक मार्ग म्हणजे प्रत्येक वर्कस्टेशनला केव्हीएम एक्स्टेंडरची, म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड व माउस दूरच्या संगणकाला थेट जोडणाऱ्या उपकरणांची, स्वतंत्र जोडी. ६० हर्ट्झवरील फुल एचडी चित्र कॉम्प्रेस न करता पाठवायला सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट लागतात, ४के साठी सुमारे १२. दुसरा मार्ग म्हणजे थिन क्लायंट, म्हणजे दूरच्या संगणकाचे चित्र नेटवर्कवरून टेबलावर दाखवणारे छोटे यंत्र: दोन इमारतींच्या स्विचमध्ये फायबर, तिथून टेबलापर्यंत कॅट-६ आणि कॉम्प्रेस केलेले चित्र. यात फायबरचे कोअर (आतले धागे) कमी लागतात आणि एखादे वर्कस्टेशन बिघडले तर त्या माणसाला लगेच दुसरे देता येते. मात्र रिमोट डेस्कटॉपवर करून पाहिले तेव्हा द्विमितीय ड्रॉइंग व्यवस्थित चालले, पण मोठी असेम्ब्ली फिरवताना हात थांबल्यावरही चित्र क्षणभर फिरत राहिले. दिवसभर साच्याच्या बारीक फटी तपासणाऱ्या माणसावर हे लादणे मला योग्य वाटत नाही. म्हणून डिझायनरांना फायबरवरचे केव्हीएम आणि खरेदी व हिशेब विभागाला थिन क्लायंट द्यावेत, असा माझा कल आहे.

जाणकारांनी दोन बाबतींत मार्गदर्शन करावे. केव्हीएम एक्स्टेंडरवर थ्रीडी माउस (मॉडेल फिरवण्यासाठीचा खास माउस) सर्व बटणांसह चालतो का, की त्यासाठी यूएसबीची वेगळी वाहिनी असलेले मॉडेलच घ्यावे लागते? दुसरे असे, की ओएम-३ मल्टिमोड (कमी अंतरासाठीच्या) फायबरवर १० गिगाबिट ३०० मीटरपर्यंत जाते, म्हणजे आज आम्हाला ते पुरते. तरीही पुढचा विचार करून महागडे ट्रान्सीव्हर (फायबरच्या टोकांना लागणारी उपकरणे) पत्करून आत्ताच सिंगल मोड (लांब अंतराचे फायबर) टाकावे का? ठाणे-बेलापूर पट्ट्यात कोणाकडे अशी व्यवस्था चालू असेल, तर आमच्या एका डिझायनरला घेऊन ती प्रत्यक्ष पाहायला येण्याची आमची तयारी आहे.