कपलचा मोमेंट कुठूनही सारखाच कसा? आणि एका हाताने पाना फिरवला तर ते कपल असतं का?

नाशिकरोड_मेक
नमस्कार, डिप्लोमा मेकॅनिकल फर्स्ट इयरला आहे. कपलची व्याख्या पाठ आहे, दोन सारखी बलं, समांतर, उलट दिशेला, आणि एक बल गुणिले मधलं अंतर म्हणजे मोमेंट, फिरवण्याचा जोर. पण हा मोमेंट कुठल्याही बिंदूभोवती घेतला तरी तेवढाच येतो म्हणतात, ते काही केल्या पटत नाहीये, बिंदू लांब गेला की अंतर वाढतं मग मोमेंट वाढायला नको का? आणि पाना तर आपण एकाच हाताने फिरवतो, मग दुसरं बल कुठंय?

गोदाकाठ
अंतर दोन्ही बलांचं वाढतं ना, आणि बिंदू बाहेर गेला की दोघं उलट दिशांना फिरवतात, त्यामुळे वाढलेलं कटून जातं. आकडे घालून बघ. स्टिअरिंग 0.4 मीटर व्यासाचं, समोरासमोरच्या दोन हातांचे 30-30 न्यूटन, एक हात वर ढकलतो, एक खाली ओढतो. मधल्या बिंदूभोवती 30×0.2 दोनदा, म्हणजे 12 न्यूटन-मीटर. आता दोन हातांना जोडणाऱ्या रेषेत, जवळच्या हातापासून 1 मीटर बाहेर बिंदू घे: लांबच्या हाताचे 30×1.4 म्हणजे 42, जवळच्याचे उलटे 30, उरले 12. बिंदू पार पंचवटीत नेऊन ठेवलास तरी 12 च. एकट्या बलाचं असं होत नाही, तिथे बिंदू हलला की मोमेंट बदलतो.

अंबड_टूलरूम
पान्याचं मी सांगतो. दुसरं बल बोल्ट देतो. 250 मिलिमीटरच्या पान्याच्या टोकाला 100 न्यूटन लावलेस तरी पाना हाताबरोबर सरळ निघून जात नाही, कारण बोल्टने त्याला तेवढ्याच जोराने मागे धरलेलं असतं, झालं की कपल, 25 न्यूटन-मीटरचं. पण बोल्टला पिळाबरोबर 100 न्यूटनचा आडवा जोरही सोसावा लागतो. टी हँडलने दोन्ही बाजूंना 250 मिलिमीटरवर 50-50 न्यूटन लाव, पीळ तेवढाच आणि आडवा जोर शून्य!! बोल्टला फरक पडत नाही, पण आटे पाडायच्या टॅपला पडतो, तो इतका कडक असतो की वाकण्याआधी तुटतो. म्हणून टॅप हँडलला दोन्हीकडे दांडे असतात. जागा नाही म्हणून नवीन पोरं एकाच बाजूने ओढतात, मग आटे तिरके नाहीतर टॅप भोकातच तुटतो, आणि तो काढताना जॉबची, म्हणजे ज्यात आटे पाडतोय त्या तुकड्याची, वाट लागते. वर्कशॉपला प्लीज दोन्ही हात, सारखा जोर.

नाशिकरोड_मेक
दोघांचे खूप आभार सर, आता क्लिअर झालं. मग कपल थांबवायला उलट दिशेने एकच मोठं बल लावलं तर चालेल का?

गोदाकाठ
नाही, कितीही मोठं लावलंस तरी नाही. कपलच्या दोन बलांची बेरीज शून्य असते, त्यात एक बल घातलं की बेरीज शून्य राहत नाही आणि वस्तू सरकते. कपलला कपलच लागतं. फ्रेंच गणिती लुई प्वँसोने 1803 मध्ये कपलला बलासारखंच स्टॅटिक्समध्ये, म्हणजे स्थिर वस्तूंवरच्या बलांच्या शास्त्रात, स्वतःचं स्थान दिलं, आणि ते योग्यच आहे, कारण हा नुसता पीळ आहे, ढकलणं त्यात नाहीच.

अंबड_टूलरूम
ड्रिलिंग मशीनवर हेच दिसेल. ड्रिल जॉबला गरकन फिरवायला बघतो, आपण जॉब पकडणाऱ्या व्हाइसचा दांडा मशीनच्या कॉलमला, म्हणजे उभ्या खांबाला टेकवतो आणि वाटतं एकाच ठिकाणी अडवलं. पण कॉलमने ढकललं की जॉब ड्रिलवर आडवा दाबतो, ड्रिल तेवढाच उलट ढकलतो, हे झालं दुसरं बल. ड्रिल बारीक असेल तर तो यानेच वाकतो, म्हणून व्हाइस टेबलला दोन बोल्टने बांधायचा, ड्रिलच्या दोन बाजूंना एकेक.