अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या कोचला एवढ्या लवकर नारळ का?

दांडिया बाजार, बडोदा: भाच्यापायी शनिवारी रात्री जागून बघतो. ऑबर्न विद्यापीठाच्या कोच जीन चिझिकनं २०१० चं अजिंक्यपद आणलं आणि २०१२ ला घरी! हे काय?

भाचा: मामा, २०१२ च्या मोसमात कॉन्फरन्समधले, म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांविरुद्धचे, आठही सामने हरले. देणगीदारांचा धीर सुटला की संपलं.

मांजलपूरकर: पण रिकाम्या हाती जात नाहीत हो. टेक्सस ए अँड एम विद्यापीठानं २०२३ मध्ये कोच जिंबो फिशरला काढलं, करारापोटी साडेसात कोटी डॉलरांहून जास्त देणं! आमच्या मुलाचे सर अकरा महिन्यांच्या करारावर, शिट्टीसुद्धा स्वतःची.

दांडिया बाजार: मग असा कधीही जाणाऱ्या कोचचं पोरं ऐकतात कशाला?

भाचा: जिंकतोय तोवर ऐकतात. कोच निक सेबन अलाबामा विद्यापीठात १७ मोसम टिकला, सहा अजिंक्यपदं. तो निवृत्त झाल्यावर बरेच खेळाडूही दुसरीकडे गेले.