'द क्रेन्स आर फ्लाइंग'मधला जिन्याचा शॉट घेतला कसा?

कट_टू_कट:
मंडळी, दिग्दर्शक मिखाईल कालातोझोव्हचा हा सोव्हिएत युद्धकाळावरचा चित्रपट (मोसफिल्म स्टुडिओ, १९५७) चित्रपट मंडळाच्या अभ्यासवर्गात दाखवणार आहोत. त्यानंतर मुलांकडून दोन शॉट्सचा सराव करून घ्यायचा आहे : नायक बोरिस जिना धावत चढतो तो, आणि त्याची प्रेयसी वेरोनिका बसमधून उतरून गर्दीतून रणगाड्यांपर्यंत जाते तो. हाताशी गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारं उपकरण) आहे आणि मधे मोकळी जागा असलेला जुना चौकोनी जिना. काय काय बिघडू शकतं? आणि प्रत कुठली दाखवावी?

तिपाई:
जिन्याच्या शॉटचं गणित सोपं आहे, अंमल अवघड. कॅमेरा जिन्याच्या मधोमध, वर जाणाऱ्या मनोऱ्यावर. नट भोवती फिरत चढतो, कॅमेरा स्वतःभोवती फिरत त्याच्याबरोबर वर जातो. त्यामुळे अंतर फारसं बदलत नाही. वेग दिसतो तो मधून सरकणाऱ्या कठड्यामुळे, म्हणून कठडा टाळू नका.

मजला ३ मीटरचा असेल आणि नट तो ६ सेकंदांत चढत असेल, तर कॅमेरा सेकंदाला अर्धा मीटर वर गेला पाहिजे. नुसत्या हाताने दोर ओढलात तर झटके बसतात. कप्पीच्या दुसऱ्या टोकाला जवळपास तेवढंच वजन बांधा. एका दोरावर टांगलेला गिंबल भोवऱ्यासारखा फिरतो, तेव्हा दोन दोर हवेतच, शिवाय पडू नये म्हणून वेगळी सुरक्षा दोरी. खाली कुणीही उभं राहायचं नाही. काही गिंबलचा पॅन (कॅमेऱ्याचं आडवं फिरणं) अखंड होत नाही, एका चकरेनंतर अडतो. ते आधी तपासा.

चौकोनी जिन्यात कोपरा भिंतीच्या मध्यापेक्षा दूर पडतो, साधारण १.४ पट. एपीएस-सी आकाराचा सेन्सर, १८ मिमी लेन्स, झरोका (अ‍ॅपर्चर) एफ ५.६ आणि फोकस ३ मीटरवर ठेवलात तर दीड मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट दिसतं. दिवे मात्र चौकटीत येणार, कारण कॅमेरा पूर्ण गोल फिरतो. ते मजल्यांवरच्या दारांआड किंवा खिडक्यांबाहेर लावा. स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यात कठड्याचे गज तिरके दिसतील. तिथे पॅन हळू करण्यावाचून इलाज नाही.

रीळवाला:
बसच्या शॉटमध्ये कॅमेरा आधी हातात आहे. वेरोनिकाच्या चेहऱ्यावरून सुरू होतो, तिच्यामागून उतरतो, गर्दीत घुसतो आणि शेवटी क्रेनवर चढून उंचावरून तिला रणगाड्यांमधून जाताना दाखवतो. गोची चढताना होते. छायालेखकाचं वजन आलं की क्रेनचं संतुलन बदलतं, म्हणून प्रतिभार (दुसऱ्या टोकाचं तोलाचं वजन) लागेपर्यंत दोघातिघांनी क्रेनचा दांडा धरून ठेवायचा. उतरताना जास्त धोका : प्रतिभार काढायच्या आत माणूस उतरला की दांडा उसळतो. क्रेन नसेल तर हा शेवट सोडून द्या. हातातल्या कॅमेऱ्यावरून ड्रोनवर जातानाचा जोड लपत नाही.

गर्दीही मोजून बसवा. कोण कुठून आडवं जाणार हे ठरलं नाही, तर वाइड लेन्ससमोर आलेलं एकच डोकं अख्खी चौकट खाऊन टाकतं.

पडद्यामागे:
वरचं सगळं मान्य, पण वर्ग नुसता कॅमेऱ्यावर नको. या चित्रपटाचा छायालेखक सेर्गेई उरुसेव्स्की दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर चित्रण करत होता. त्याआधी चित्रकलेचं शिक्षण. संगीतकार मॉइसेई वाइनबर्ग १९३९ मध्ये वॉर्सातून पळून आला, आईवडील आणि बहीण मागे राहिले आणि मारले गेले. पटकथा व्हिक्टर रोझोव्हची, त्याच्याच युद्धकाळात लिहिलेल्या नाटकावरून. १९५६ मध्ये स्टालिनवर टीका झाल्यानंतरच अशी, लढाईवर गेलेल्या बोरिसची वाट न पाहता दुसऱ्याशी लग्न करणारी नायिका पडद्यावर येऊ शकली. वेरोनिका झालेल्या तात्याना सामोइलोव्हाने तिची बाजू कुठेही मांडलेली नाही, हेच मला सगळ्यात मोठं वाटतं. १९५८ मध्ये कान चित्रपट महोत्सवात पाम द'ऑर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

जिना तीनदा येतो हेही दाखवा : धावणारा बोरिस, बॉम्बहल्ल्यानंतर जळत्या जिन्यावरून घरी धावणारी वेरोनिका, आणि मरताना बोरिसला दिसणारा तोच जिना, फिरणाऱ्या बर्चझाडांवर चढवलेला. पहिला शॉट नुसती करामत का नाही, हे तिथे कळतं.

कट_टू_कट:
दोन दोर आणि प्रतिभार, लक्षात ठेवतो. प्रतीचं?

रीळवाला:
क्रायटेरियन या कंपनीची २०२० ची ब्लू-रे. नाहीतर मोसफिल्मने यूट्यूबवर टाकलेली, इंग्रजी उपशीर्षकांसह. चौकट १.३७ : १ आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. प्रोजेक्टरवर 'फुल स्क्रीन' दाबून ताणू नका. चेहरे रुंद होतात आणि उरुसेव्स्कीची वाइड लेन्स उगाच बदनाम होते.