ग्राफीनची पट्टी आणि बागेतला उष्माघात

मॉनिटरवाला, इंदिरानगर
काल एकाने इथे लिहिलं की ग्राफीन (कार्बनचा अणूएवढा पातळ थर) आणि मॅक्सीन (धातू-कार्बाइडचे तसेच पातळ थर) यांच्या पट्ट्यांनी ईसीजीचे जेल इलेक्ट्रोड मोडीत काढले, आणि सिंहस्थात बंदोबस्तावरच्या प्रत्येक पोलिसाच्या मनगटावर अशी पट्टी बांधली तर उष्माघात आधीच कळेल. वाचून गप्प बसवेना.

पेशंट मॉनिटर दुरुस्त करण्यात माझी हयात चाललीय. ईसीजीची रेषा बिघडते ती लीडच्या, म्हणजे तारेच्या, क्लिपशी, नाहीतर त्वचेशी. मधला पदार्थ किती उत्तम वीजवाहक आहे याने तिथे काडीचा फरक पडत नाही. चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा थर नुसता वीज वाहायला नसतो. जेलमधल्या क्लोराइडशी देवाणघेवाण करून तो विद्युतदाब स्थिर धरतो. ग्राफीनचा त्वचेशी संपर्क बराचसा कपॅसिटरसारखा, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागासारखा असतो, म्हणून हात हलला की रेषा नाचते. आणि उष्माघात म्हणजे शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर. घाम वाळत असताना मनगटाची कातडी गारच राहते. त्यावरून आतलं काय कळणार?

थरावरथर, गंगापूर रोड
उलटं आहे साहेब. रेषा नाचते त्याचं मोठं कारण इलेक्ट्रोड त्वचेवर सरकतो हे. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या गटाने २०१७ साली जो ग्राफीनचा टॅटू दाखवला तो प्लास्टिकच्या आधारासकट अर्ध्या मायक्रॉनहून पातळ होता. गोंद लागत नाही, त्वचेच्या बारीक रेघांत बसतो. सरकायला जागाच नाही. तुम्ही ज्याला दोष म्हणताय तो जाड, कडक इलेक्ट्रोडचा दोष आहे.

माझ्या आईला होल्टर, म्हणजे सतत ईसीजी टिपणारं यंत्र, लावलं होतं. चोवीस तासांचं होतं, पण दुपारपर्यंत गोंदाने छातीवर फोड आले. काढावं लागलं, पुन्हा पैसे, पुन्हा खेप. जेल उत्तम म्हणणाऱ्याने म्हाताऱ्या माणसाची कातडी एकदा बघावी.

मॉनिटरवाला, इंदिरानगर
आईंचा त्रास मी नाकारत नाही. गोंद वाईट, बरं. पण त्या टॅटूला तार कुठे जोडता? अर्ध्या मायक्रॉनला टणक तार लावली की पहिल्या कुशीला तिथेच फाटतं. शोधनिबंधात विद्यार्थी खुर्चीत स्वस्थ बसलेला असतो. वॉर्डातला पेशंट बसत नाही.

प्लेटिंगवाला, सातपूर
तुमचं तार, जेल चालू द्या. मॅक्सीन बनतं कसं ते कुणी लिहिणार आहे का? टायटॅनियम-अॅल्युमिनियम कार्बाइडमधलं अॅल्युमिनियम हायड्रोफ्लोरिक अॅसिडने खाऊन काढतात. २०११ ला ड्रेक्सेल विद्यापीठात ते पहिल्यांदा असंच केलं. हे अॅसिड मी हाताळलंय. सौम्य असलं तर पडल्यावर लगेच भाजत नाही, काही तासांनी हाड ठणकायला लागतं. ते आत शिरून कॅल्शियम ओढतं. माझ्या जोडीदाराचं बोट गेलं, कारण कारखान्याच्या पेटीत त्यावर चोळायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल नव्हतं. शंभर रुपये वाचवले मालकाने. आणि धुतलेलं पाणी कुठे सोडणार? नासर्डी गोदेलाच मिळते.

थरावरथर, गंगापूर रोड
तुमच्या जोडीदाराचं ऐकून वाईट वाटलं. पण २०१४ पासून लिथियम फ्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक अॅसिड वापरूनही करतात.

प्लेटिंगवाला, सातपूर
ते दोन एकत्र आले की भांड्यातच एचएफ, म्हणजे तेच हायड्रोफ्लोरिक अॅसिड, तयार होतं! बाटलीवरचं नाव बदललं, बोटं तीच. मला शिकवू नका.

थरावरथर, गंगापूर रोड
तयार होतं, हे मी नाकारलं कुठे? तीव्र अॅसिड बाटलीतून ओतण्यापेक्षा ते बरं, इतकंच. एका पट्टीला मॅक्सीन लागतं ते मिलिग्रॅममध्ये. याच न्यायाने काचेवर नक्षी करणारा प्रत्येक धंदा बंद करा.

प्लेटिंगवाला, सातपूर
बंद करा म्हणत नाही. ते कॅल्शियमचं जेल ठेवा, हातमोजे द्या, पाणी चुन्याने निवळून मग सोडा. एवढं म्हटलं की तुम्हा शिकलेल्यांना आम्ही विज्ञानाचे शत्रू वाटतो.

थरावरथर, गंगापूर रोड
तसं मी म्हटलेलं नाही. अॅसिड नकोच असेल तर लेसर आहे. २०१४ मध्येच राइस विद्यापीठात पॉलिइमाइड या प्लास्टिकच्या फिल्मवर कार्बन डायऑक्साइड लेसर फिरवून सच्छिद्र ग्राफीन काढलं. अंबडला असे लेसर पडून असतात.

प्लेटिंगवाला, सातपूर
मग लेसरचंच बोला ना पहिल्यापासून. त्याला माझी ना नाही.

बागवाला, पिंपळगाव बसवंत
दोन दिवस वाचतोय. माझ्याकडे पेठ-सुरगाण्याच्या बाया येतात. मागच्या एप्रिलला खुड्याच्या वेळी एक ताई माझ्यासमोर कोसळली. मला ईसीजी नको. घाम थांबला एवढं सांगणारी पट्टी मिळाली तरी घेईन.

मॉनिटरवाला, इंदिरानगर
हे मात्र जमण्यासारखं आहे, नाइलाजाने म्हणतो. दमटपणाने ग्राफीन-मॅक्सीनच्या थरांचा वीजरोध भराभर बदलतो. पट्टी किती ताणली गेली ते मोजताना तोच दमटपणा घोळ घालतो, इथे तोच उपयोगी पडेल.

सिस्टर, पंचवटी
दादा, थांबा. कष्टाच्या कामात उष्माघात होतो तेव्हा पुष्कळदा घाम चालूच असतो. आमच्याकडे आणतात ती माणसं घामाने भिजलेली आणि बरळत असतात. पट्टीने घाम दाखवला म्हणून मुकादम म्हणेल, ठीक आहेस, चल उठ. बाई असंबद्ध बोलायला लागली की सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, गाडी बोलवा. त्यासाठी पट्टीची वाट बघायची नाही.

थरावरथर, गंगापूर रोड
सिस्टरांचा मुद्दा वजनदार आहे, मग नुसता घाम मोजून भागणार नाही. नाडी, त्वचेचं तापमान आणि घाम तिन्ही एकत्र घ्यावे लागतील, तेही छातीवर. प्रयोगशाळेतल्या पाच निरोगी पोरांवर केलेल्या चाचणीवर माझाही विश्वास नाही, हे मॉनिटरवाल्यांना सांगायचं राहिलं. पुढच्या मार्चला बागेत करू. एकाच छातीवर जेल आणि ग्राफीन शेजारी शेजारी.

मॉनिटरवाला, इंदिरानगर
मॉनिटर माझा. जोड फाटला तर फाटला असं इथेच लिहायचं, फोटोसकट.

बागवाला, पिंपळगाव बसवंत
या. पण आधी त्या बायांना विचारायचं, मला नाही. सिस्टर हजर पाहिजेत. आणि चाचणीत गेलेल्या वेळाची हजेरी मी कापणार नाही, तेवढा वेळ तुमच्या खर्चात धरा.