'पवित्र सार्वत्रिक मंडळीवर' या ओळीला मी गप्प बसतो

नगरी ओसरी (धागाकर्ता)

आमच्या देवळात (नगरकडे आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, नवख्यांनी गोंधळू नये) दर रविवारी विश्वासांगीकार, म्हणजे आपण कशावर विश्वास ठेवतो ते सांगणारा ठरलेला पाठ, म्हणतात. त्यात पवित्र सार्वत्रिक मंडळीवर (मंडळी म्हणजे जगभरचं चर्च) विश्वास ठेवतो अशी ओळ येते. गेली काही वर्षं त्या ओळीला माझं तोंड उघडत नाही. पुढे 'पापांची क्षमा' आली की परत सुरू. शेजारी बसणाऱ्या काकांना वाटतं, मला दम लागतो.

कारण रशियात आहे. पुण्यात बसून मॉस्कोवर रुसण्याचं कारण काय, असं बायको विचारते. सांगतो.

६ मार्च २०२२. रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसून दहा दिवस झाले होते. ऑर्थोडॉक्स पंचांगात तो क्षमेचा रविवार. उपासकाळ लागण्याच्या आदल्या दिवशी लोक एकमेकांपुढे वाकून 'मला क्षमा कर' म्हणतात. त्याच दिवशी मॉस्कोचे पॅट्रिआर्क, म्हणजे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, किरिल प्रवचनाला उभे राहिले आणि पूर्व युक्रेनमधल्या डोनबासच्या लढाईचं मूळ समलिंगींच्या मिरवणुकांत आहे, अशा धर्तीचं बोलले. ही झुंज पारलौकिक अर्थाची आहे म्हणे. क्षमा कुणी कुणाची मागायची ते राहूनच गेलं. मग २१ सप्टेंबरला पुतिननी राखीव सैनिकांना बोलावणं धाडलं, आणि चारच दिवसांनी किरिल म्हणाले की कर्तव्य बजावताना जो शिपाई मरतो, त्याची सगळी पापं त्या बलिदानाने धुतली जातात. आम्हाला रविवारच्या शाळेत पापं धुण्याची वेगळीच रीत शिकवली होती.

इतकं असतं तरी मी म्हटलं असतं, एक माणूस घसरला. बिशप आजवर कमी घसरले नाहीत. पण मॉस्कोतले एक पाद्री, योआन कोवाल. वरून आदेशाने आलेल्या 'पवित्र रूस'साठीच्या प्रार्थनेत 'विजय' असा शब्द होता. त्यांनी उपासनेत तिथे 'शांती' म्हटलं. एक शब्द! कुणीतरी चुगली केली, चर्चच्या न्यायालयात प्रकरण गेलं आणि २०२३ मध्ये त्यांचं पाद्रीपद काढून घेण्यात आलं. त्या दिवसापासून मला ती ओळ म्हणवत नाही. प्रार्थनेचं प्रूफ तपासणारं खातं ज्या मंडळीत असतं तिच्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे नक्की कशावर?

तिरकस

फारच उशिरा जाग आली. धर्म आणि गादी यांचा संसार रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनपासूनचा आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन शिपायांच्या पट्ट्याच्या बकलवर 'देव आमच्या संगती' कोरलेलं असे. समोरच्या खंदकातल्या इंग्रजालाही देव आपलाच वाटे. बिचाऱ्या देवाची केवढी ओढाताण. तुम्ही एक ओळ गाळता, मी पुस्तकच बंद करून माळ्यावर टाकलं.

पापडीचा बाजार

नगरी ओसरी, तुमच्या दुःखाचा आदर आहे, पण नेम चुकतोय. सार्वत्रिक मंडळी म्हणजे मॉस्कोची गादी नव्हे. तुमच्या पाळकांचा आणि किरिलचा संबंध काय? शेजारच्या गावच्या सरपंचाने पैसे खाल्ले म्हणून आपण ग्रामसभेला जायचं सोडतो का?

आणि संस्थेच्या आतूनच किरिलना कुणी सुनावलं तेही बघा. मार्च २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस त्यांच्याशी व्हिडिओवर बोलले. चाळीस मिनिटांतली पहिली वीस किरिल कागद हातात धरून युद्धाची कारणं वाचत होते. पोपनी त्यांना सांगितलं की आपण काही सरकारी धर्मगुरू नाही. नंतर एका इटालियन दैनिकाला तर ते म्हणाले की पॅट्रिआर्कने पुतिनचा वेदीसेवक होऊ नये. वसईत लहानपणी सहा वर्षं मी मिस्साला वेदीसेवक होतो, घंटी वाजवायची आणि फादरच्या हातावर पाणी घालायचं. त्यामुळे हा टोमणा किती वर्मी लागणारा आहे ते मला बरोबर कळतं.

नगरी ओसरी

@पापडीचा बाजार, त्याच फ्रान्सिस यांची मुलाखत मार्च २०२४ मध्ये बाहेर आली. तीत पांढरं निशाण दाखवण्याचं धैर्य असावं, असं होतं, आणि प्रश्न युक्रेनबद्दलचा होता. ज्याच्या घरावर क्षेपणास्त्र पडतंय त्याला निशाणाचा सल्ला!

पापडीचा बाजार

बोलणीला बसा, असा त्याचा अर्थ होता. शब्द चुकला हे मान्य. पण 'थांबा' म्हणणारा दोन्हीकडून शिव्या खातो, हेही जुनंच आहे. १९१७ मध्ये बेनेडिक्ट पंधरावे यांनी महायुद्धाला निरर्थक कत्तल म्हटलं, तेव्हा फ्रेंच त्यांना जर्मनांचा पोप म्हणत आणि जर्मन फ्रेंचांचा. तिरकसराव, बकल सगळ्यांना आठवतं, हे कुणाला आठवत नाही.

तिरकस

आठवतं की. कत्तल मात्र त्यानंतरही वर्षभर चालू राहिली, हेही आठवतं.

आजीचा चष्मा

मी ख्रिस्ती नाही, इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहे. धागाकर्त्यांनी कोवालांची गोष्ट अर्ध्यावर सोडली म्हणून लिहायला बसले.

मॉस्कोने पद काढलं, बरोबर. पण त्यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) पॅट्रिआर्ककडे, ऑर्थोडॉक्स जगातल्या मानाच्या पहिल्या गादीकडे, दाद मागितली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांना पद परत मिळालं. कॉन्स्टँटिनोपल हीसुद्धा संस्थाच ना? गादी, शिक्का, दफ्तर सगळं असलेली. संस्था नसतीच तर हा माणूस दाद मागायला कुठे गेला असता? २०२२ च्या मार्चात जवळजवळ तीनशे रशियन पाद्र्यांनी समेटाची हाक देत पत्रावर सह्या केल्या, तेही झगे घालूनच. तुम्ही मधलं सिंहासन बघून सगळं घर नाकारताय.

दुसरं. या चर्चचं जे झालं ते विसरून तिला नुसतं लबाड म्हणणं मला जड जातं. मॉस्कोतलं ख्रिस्त तारणाऱ्याचं कॅथेड्रल १९३१ मध्ये सुरुंग लावून पाडलं, पुढे तिथे पोहण्याचा तलाव केला. मॉस्कोबाहेर बुतोवोला १९३७-३८ मध्ये वीस हजारांच्या आसपास माणसं गोळ्या घालून पुरली, त्यांत शेकडो पाद्री, बिशप, जोगिणी. मग १९४३ च्या सप्टेंबरात, युद्ध गळ्याशी आल्यावर, स्टालिनने तीन बिशपांना रात्री क्रेमलिनमध्ये बोलावलं आणि पॅट्रिआर्कची गादी परत चालू करायला परवानगी दिली. ज्याने मारलं त्यानेच जगू दिलं, आणि तेही लढाईच्या कामापुरतं. असा उपकार ज्या घराने एकदा घेतला, त्याची मान ताठ व्हायला किती पिढ्या लागतात? मी समर्थन करत नाहीये. पण हे ठाऊक असलं की राग थोडा वेगळ्या जागी जाऊन बसतो.

नगरी ओसरी

आजी, कोवालांना पद परत मिळालं हे मी लिहायला हवं होतं. चूक मान्य.

पण बुतोवोत पुरलेल्यांचीच वारस मंडळी आज काय बांधते बघा. मॉस्कोजवळ कुबिंका इथे २०२० मध्ये सैन्याचं मुख्य कॅथेड्रल उभं राहिलं. घुमटाचा व्यास १९.४५ मीटर, कारण युद्ध १९४५ मध्ये जिंकलं. घंटाघर ७५ मीटर, कारण विजयाला ७५ वर्षं झाली. पायऱ्यांच्या धातूत जर्मनांकडून जप्त केलेली शस्त्रं वितळवून घातली आहेत. भिंतीवर पुतिनही यायचे होते, ते चित्र बोंब झाल्यावर मागे घेतलं. तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील असं बायबलात यशया संदेष्ट्याने लिहिलंय. इथे पायऱ्या केल्या, चढून वर जायला.

ऱ्हाइनकाठी

मी जर्मनीत कोलोनजवळ राहतो. आमच्याकडे 'विश्वास उडाला' याची सरकारदरबारी नोंद होते. चर्चचे सभासद असाल तर प्राप्तिकराच्या नऊ टक्के चर्चकर पगारातूनच कापला जातो. नको असेल तर न्यायालयात जायचं, तीस युरो भरायचे, सही करायची, सुटलात. २०२२ मध्ये एकट्या कॅथलिक चर्चमधून ५ लाख २२ हजारांवर लोक असे बाहेर पडले.

त्यातले युद्धामुळे किती? मला भेटलेला एकही नाही. पाद्र्यांनी मुलांवर केलेले अत्याचार, ते वर्षानुवर्षं दाबून ठेवणारे बिशप, आणि वाचणारे पैसे, ही कारणं. म्हणून धागाकर्त्यांना सांगावंसं वाटतं की तुमचं दुःख खरं आहे, पण ते वाचून झालेलं दुःख आहे. इथे लोक आपल्याच चर्चमधल्या, नावानिशी ओळखीच्या फादरमुळे बाहेर पडले.

जाता जाता. आमच्या गल्लीतल्या चर्चच्या हॉलमध्ये २०२२ च्या मार्चात युक्रेनहून आलेल्या बायका-मुलांसाठी खाटा लावल्या. मीही दोन दिवस गाद्या वाहिल्या. माझ्याबरोबर गाद्या वाहणाऱ्यांतल्या दोघांनी आदल्याच वर्षी तीस युरो भरले होते. हॉलची किल्ली कुठे असते ते मात्र त्यांनाच ठाऊक होतं.

तिरकस

गाद्यांचं छान. पण युक्रेनची बाजू कुणीच घेतली नाही, म्हणजे तपासायला. जानेवारी २०१९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलने तिथल्या नव्या चर्चला स्वातंत्र्याचं पत्र दिलं, सोहळ्याला राष्ट्राध्यक्ष हजर. २०२३ मध्ये नाताळ रशियन चर्चच्या ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणला. ऑगस्ट २०२४ मध्ये रशियाशी बांधलेल्या चर्चांवर बंदीचा कायदा. आपली मंडळी देशभक्त, त्यांची मंडळी हस्तक. दोन्हीकडे सरकारला आपापला देव हवाय.

नगरी ओसरी

दोन्हीकडचं सारखं नाही. एकाने दुसऱ्यावर स्वारी केली आहे. चर्चच्या वादातही हे विसरून चालणार नाही.

पण तिरकस, तुमच्या बोलण्यात एक जागा मला खरंच टोचते. मॉस्कोशी जोडलेल्या युक्रेनी चर्चचे प्रमुख ओनुफ्री यांनी २४ फेब्रुवारीलाच, पहिल्या दिवशी, हे युद्ध म्हणजे काइनाच्या पापाची (बायबलात भावाचा खून करणारा तो काइन) पुनरावृत्ती आहे असं म्हटलं. मे महिन्यात त्यांच्या सभेने मॉस्कोपासून वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. तरी तो कायदा त्यांच्याच मानेवर आला, कारण नाळ पूर्ण तुटली यावर सरकारचा विश्वास नाही. काही पाद्री खरोखर रशियासाठी काम करताना सापडले आहेत, हेही खरं. आता त्या चर्चमधल्या एखाद्या म्हातारीने काय करायचं? पोरगा आघाडीवर, आणि ती ज्या देवळात त्याच्यासाठी मेणबत्ती लावते ते संशयित. तिच्यापुढे माझी गाळलेली ओळ म्हणजे चैन वाटते मला कधीकधी.

आजीचा चष्मा

हे लिहिलंत ते बरं केलंत. आता घरचं उदाहरण घ्या. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही दार उघडं. मिशनच्या चौकटीत ख्रिस्त परका राहतो, हा त्यांचा आक्षेप. नुसते गप्प बसले नाहीत. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि त्यांच्यामागे दरबाराचा जोर ओसरला. त्यांची भजनं मात्र आज कुठे म्हणतात? तुमच्याच देवळात. ज्या चौकटीतून ते बाहेर पडले तिनेच ती सांभाळली.

तिरकस

गाणी संग्रहालयही सांभाळतं, आजी.

आजीचा चष्मा

संग्रहालयात ती कुणी म्हणत नाही, बाळा.

नगरी ओसरी

काल उपासना झाल्यावर पाळकसाहेबांना गाठलं. विचारलं, युक्रेनसाठी आपण शेवटची प्रार्थना कधी केली? म्हणाले, पहिल्या महिन्यात केली होती, नंतर राहूनच गेलं. मग चष्मा पुसत म्हणाले, पुढच्या रविवारी तुम्हीच करा.

हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. रात्री कागद घेऊन बसलो. 'शांती' लिहिलं, तर खारकीवमधला माणूस विचारेल, कुणाच्या अटीवर? 'विजय' लिहायला हात होत नाही. मॉस्कोत ज्या जागी कोवाल अडले, त्याच जागी मी अडलोय, फक्त माझ्यावर चुगली करणारं कुणी नाही.

पापडीचा बाजार

'न्यायाची शांती' म्हणा.

तिरकस

कमिटीने पास केल्यासारखं वाटतं.

पापडीचा बाजार

मग तुम्ही सुचवा. नाहीतर या ऐकायला. पुण्यात आहात ना?

तिरकस

उपासनेनंतर चहा असतो का?

नगरी ओसरी

असतो. काका करतात. साखर जास्त असते.